'द सेटनिस्ट' ऐकण्याआधीच निकाल देणाऱ्यांसाठी

बेहेमॉथ या पोलिश मेटल बँडचा 'द सेटनिस्ट' हा अल्बम फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, आणि तेव्हापासून त्याच्यावर तेच ते आरोप फिरत आहेत. हा नुसता गोंगाट आहे. पोलंडसारख्या श्रद्धाळू देशाशी याचं काही नातं नाही. कॅन्सरमधून वाचलेल्या गायकाने देवाचे आभार मानायचे सोडून प्रसिद्धीसाठी हा तमाशा मांडला. आणि मुळात ही सैतानाची पूजा आहे. मी हा अल्बम बरीच वर्षं ऐकतोय. हे आरोप मला मनापासून खोटे वाटतात, म्हणून एकेक घेतो.

आधी गोंगाट. म्हणणं असं की सगळी गाणी एकसारखी, वेग आणि आरडाओरडा, बाकी काही नाही. मग पहिलंच गाणं लावा, 'ब्लो युअर ट्रम्पेट्स गॅब्रिएल'. ते संथ सुरू होतं. गिटारची एक जड चाल पुन्हा पुन्हा येत राहते, ताण वाढत जातो, आणि ढोल बेभान सुटतात ते गाणं बरंच पुढे सरकल्यावर. तोवर ढोलवादक इन्फर्नो हात आवरून वाजवतो, आणि त्या आवरण्यातच गाण्याचा दरारा आहे. शीर्षकगीत तर मध्यम लयीतलं, जवळजवळ जुन्या रॉकच्या वळणाचं. ओरायनचा बेस गिटार त्यात स्वच्छ ऐकू येतो. याच बँडच्या २००९ च्या 'इव्हँजेलियन'मध्ये आवाजाची भिंत होती, इथे वाद्यांमध्ये हवा खेळते. राहिला गायकाचा आवाज. गळ्यातून असा खरखरीत, दमदार सूर तासभर काढायचा तर घोटून रियाज लागतो. शिवाय या गायकाचे, नेर्गालचे, शब्द इथे बऱ्याच ठिकाणी कळतात, आणि या प्रकारच्या संगीतात ते सहज होत नाही. 'फ्युरर डिव्हायनस' आणि 'आमेन' ही गाणी मात्र खरोखर वादळी आहेत, ती कुणाला झेपली नाहीत तर मी समजू शकतो. पण नऊ गाण्यांतली दोन ऐकून चव्वेचाळीस मिनिटांवर शिक्का मारायचा, हे ऐकणं नव्हे.

पोलंडशी नातं नाही, हे तर सपशेल चूक. बँड १९९१ चा, ग्दान्स्कच्या परिसरातला. याच शहरातल्या जहाजबांधणी कारखान्याच्या संपातून १९८० साली सॉलिडॅरिटी ही कामगार चळवळ उभी राहिली आणि चर्च त्या चळवळीच्या पाठीशी होतं. कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये गेली, चर्चचं वजन मात्र टिकलं. धार्मिक भावना दुखावल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद सांगणारं कलम, १९६ क्रमांकाचं, आजही पोलिश दंडसंहितेत आहे. नेर्गालने सप्टेंबर २००७ मध्ये ग्दिनियाच्या मंचावर बायबल फाडलं आणि त्यावरून त्याला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी प्रार्थना कर', हे शब्द कॅथलिक लिटनीतले, म्हणजे सामूहिक प्रार्थनेतले. ती लिटनी कानावर पडत मोठा झालेला माणूसच त्यांच्यापुढे ल्युसिफरचं नाव जोडून गाणं करू शकतो. हे भांडण घरातलं आहे.

आता आजारपण आणि प्रसिद्धी. ऑगस्ट २०१० मध्ये अॅडम दार्स्कीला, म्हणजे नेर्गालला, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असल्याचं कळलं. त्याच्यासाठी दाता शोधताना पोलंडमध्ये कितीतरी लोकांनी अस्थिमज्जा दाते म्हणून नाव नोंदवलं, आणि डिसेंबरमध्ये ग्दान्स्कमध्येच प्रत्यारोपण झालं. पुढच्याच वर्षी तो 'द व्हॉइस ऑफ पोलंड' या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेचा परीक्षक म्हणून घराघरात दिसला. त्याआधी पॉप गायिका डोडाशी झालेल्या साखरपुड्यामुळे त्याचं नाव चटपटीत मासिकांत रोज होतंच. प्रसिद्धीला तोटा नव्हता. ती टिकवायची सोपी वाट म्हणजे धार बोथट करून गोड काहीतरी काढणं. त्याने तसं केलं नाही. ज्याला आभार मानायचे त्याने देवाचे जरूर मानावेत, मला त्यात काही खुपत नाही. पण दुसऱ्याने ते मानलेच पाहिजेत, ही मागणी मला क्रूर वाटते. रुग्णालयाच्या खाटेवरून उठलेल्या माणसाला आधी श्रद्धेची पावती मागायची?

त्याला डिवचायची हौस आहे, हे मी नाकारत नाही. मुखपृष्ठाच्या रंगात त्याचं रक्त मिसळलं होतं असं सांगितलं गेलं. त्याशिवायही ते चित्र तितकंच उत्तम ठरलं असतं. पहिल्या गाण्याची पहिली ओळ श्रद्धाळू माणसाला जखम करणारीच आहे, आणि ती त्यासाठीच लिहिली आहे.

आणि शेवटचा आरोप, पूजेचा. 'सैतान' हा शब्द दिसला की लोक तिथेच थांबतात. नेर्गालने वारंवार सांगितलं आहे की त्याच्यासाठी सैतान हे स्वातंत्र्याचं, मान न झुकवण्याचं प्रतीक आहे. पण त्याच्या शब्दावर विसंबायचं नसेल तर आठवं गाणं ऐका, 'इन द अॅब्सेन्स ऑव्ह लाइट'. सुरुवातीचा सगळा धिंगाणा अचानक थांबतो. साधी गिटार, मागे सॅक्सोफोन, आणि पोलिश भाषेत कुणीतरी बोलू लागतं. ते शब्द पोलिश लेखक विटोल्ड गोम्ब्रोविचच्या 'श्लुब' (म्हणजे 'लग्न') या नाटकातले. गोम्ब्रोविच १९३९ मध्ये अर्जेंटिनात गेला आणि युद्ध पेटल्यावर तिथेच अडकला. हे नाटक त्याने तिथे लिहिलं. त्यात हेन्रिक नावाचा सैनिक आघाडीवर असताना आपल्या घराचं स्वप्न पाहतो. तो म्हणतो की मी कुठलीही व्यवस्था, कुठलाही सिद्धांत मानत नाही, देवावर विश्वास नाही आणि बुद्धीवरही नाही. पुरे झाले हे देव, मला माणूस द्या.

'सेटनिस्ट' नावाच्या अल्बममध्ये, धडधडाट मुद्दाम थांबवून, बँडने स्वतःच्या भाषेत ठेवलेली मागणी ही आहे. पूजा करायची असती तर इथे एखादा मंत्र आला असता. मला तर तो परिच्छेद ऐकताना दरवेळी ग्दान्स्कच्या त्या खोलीत पडून दात्याची वाट पाहणारा रुग्ण दिसतो. त्याला तेव्हा हवा होता तो माणूसच, कुठल्यातरी गावातला, नाव माहीत नसलेला, आपली मज्जा देऊ करणारा.