पॅनेलची वायर थेट गाडीला जोडता येत नाही

'छतावर चार सौर पॅनेल बसवा, त्यांची वायर थेट इलेक्ट्रिक मोटारीला जोडा. इन्व्हर्टर नको, ग्रिड (वीज कंपनीचे जाळे) नको, वीज गेली तरी गाडी चार्ज,' असा दावा सर्रास फिरतो आहे.

पॅनेल डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देते आणि बॅटरीही डीसीच घेते, मग मध्ये तिची एसी (घरात येते तशी, दिशा बदलत राहणारी वीज) करणारा इन्व्हर्टर कशाला, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु एका पॅनेलचे व्होल्टेज साधारण 40 ते 50 असते, तर बहुतेक मोटारींच्या बॅटरीचे 400 च्या आसपास. पॅनेलची माळ करून तो आकडा गाठला, तरी ऊन आणि तापमान यांबरोबर तो हलत राहतो. शिवाय डीसी चार्जरशी ठरावीक संदेशांची देवाणघेवाण झाल्याशिवाय गाडी बॅटरीपर्यंतचा मार्ग जोडतच नाही. यावर जुगाड करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की डीसीची ठिणगी एसीइतकी सहज विझत नाही.

इन्व्हर्टरमुळे वीज वाया जाते हे खरे, पण चांगल्या इन्व्हर्टरमध्ये ती जेमतेम तीन-चार टक्के असते.

चार पॅनेलचा हिशेब तर मुळातच लंगडा आहे. एसी चार्जिंगच्या प्रचलित मानकानुसार किमान प्रवाह 6 अँपिअर, म्हणजे 230 व्होल्टच्या एकफेज जोडणीवर सुमारे 1.4 किलोवॅट लागतो. 400 वॅटची चार पॅनेल कागदावर 1.6 किलोवॅट देतात. प्रत्यक्षात काच तापली, उन्हाचा कोन कलला की ती बहुतेक वेळ या उंबरठ्याच्या खालीच राहतात. ढग आला की चार्जिंग थांबते, सरला की पुन्हा सुरू होते. ग्रिड जोडलेली असेल तर हीच तूट मुकाट्याने भरून निघते.

वीज गेल्यावर चालण्याचे म्हणाल, तर ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर अशा वेळी स्वतःहून बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्याला त्याची वीज लागू नये. वीज नसताना चालवायचे तर घरात वेगळी बॅटरी आणि घराची जोडणी ग्रिडपासून तोडणारी वेगळी व्यवस्था लागते.

दाव्यात तथ्य आहे ते एवढेच: 3 किलोवॅटची यंत्रणा चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण 12 युनिट देते आणि तेवढ्यात मोटार 70 किलोमीटरच्या आसपास धावते. मात्र त्यासाठी ती भर दुपारी घरी उभी हवी. दिवसा बाहेर असणाऱ्याने दुपारची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घ्यावी. त्याला हे कितपत परवडेल, ते त्या देण्या-घेण्याच्या दरांतील फरकावर ठरते.