शेवटची टाळी का हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दशावताराच्या रेकॉर्डिंगवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की चित्रासाठी कॅमेरा आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर, दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर लावले की झालं. डिजिटलमध्ये टेपसारखा वेग हलत नाही. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीची एक टाळी पुरते, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेतं. शेवटच्या टाळीचा आग्रह धरून मी नवख्यांना उगाच घाबरवतो, असंही तुमचं म्हणणं.

पाच-दहा मिनिटांच्या मुलाखतीपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. पण लेख रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाबद्दल होता.

४८ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, हा नुसता सेटिंगमधला आकडा. सेकंदाला खरोखर किती नमुने घेतले जातात, ते यंत्रातला क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो, आणि दोन यंत्रांतले स्फटिक तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. थंडीवाऱ्यानेही त्यांची चाल किंचित बदलते. दहा लाखांत २० भागांची तफावत ही काही बिघाडाची खूण नाही. पण तिचे तासाला ७२ मिलिसेकंद होतात, चार तासांत २८८. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे पहाटेपर्यंत सात फ्रेम सरकल्या! झांज वाजताना दिसते एकीकडे, ऐकू येते दुसरीकडे. त्यातून आवाज चित्राच्या पुढे गेला तर फारच खुपतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येतो, असं धरलं आहे. मागे पडला तर १२५. निसर्गात आवाज नेहमी उजेडामागूनच येतो, त्याची आपल्याला सवय आहे.

सॉफ्टवेअर जुळवतं ते कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेल्या आवाजाशी. कॅमेरा रंगमंचापासून १५ मीटरवर असेल तर त्याच्यापर्यंत आवाज पोचायलाच सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. पायपेटीजवळ ठेवलेल्या रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज मग त्या उशिरा पोचलेल्या आवाजावर नेऊन बसवला जातो. म्हणून टाळी रेकॉर्डरजवळ, पण कॅमेऱ्याला दिसेल अशी वाजवायची आणि जुळवताना हात भिडल्याची फ्रेम धरायची.

टाइमकोडची, म्हणजे दोन्ही यंत्रांच्या फाइलींवर एकाच घड्याळाची वेळ नोंदवणारी, पेटी घ्या, हा तुमचा सल्लाही चांगला आहे, पण टाइमकोड फाइलची जागा सांगतो. रेकॉर्डरचं क्लॉक, म्हणजे स्फटिकावर चालणारं आतलं घड्याळ, त्याच्याशी बांधलेलं नसेल तर लांबलचक फाइलच्या आतली घसरण तशीच राहते.

शेवटची टाळी असली की दोन्ही यंत्रांच्या फाइलींत पहिल्या आणि शेवटच्या टाळीमधलं अंतर मोजून ध्वनीची लांबी तेवढीच ताणता किंवा आखडता येते. हे वेग बदलून करा, सूर राखून लांबवणारं साधन वापरू नका. त्याने पखवाजाच्या थापेची धार जाते. इतक्या सूक्ष्म बदलाने सूर हललेला कानाला कळत नाही. आणि माइक अनेक असतील तर ते सगळे शक्यतो एकाच मल्टिट्रॅक रेकॉर्डरमध्ये घ्या. तिथे क्लॉक एकच असतं, ट्रॅक आपापसात सरकत नाहीत.

एवढा आग्रह का? दशावतारात संवाद बहुतेक उत्स्फूर्त असतात. नट आख्यान डोक्यात ठेवून उभ्याउभ्या बोलतो, आणि त्या रात्रीचं ते बोलणं दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. पुढे कुणी अभ्यासाला बसला तर त्याला ओठ, हात आणि शब्द एकत्र दिसायला हवेत.

तुमचा कॅमेरा आणि रेकॉर्डर शेजारी ठेवून दोन तास चालवा, दोन्ही टोकांना टाळी द्या आणि किती फरक पडला ते इथेच कळवा. यंत्रांची मॉडेलंही लिहा, इतरांना उपयोग होईल.