पपईचा पाला आणि 'उद्या फोन करा'

ह्यांच्या बोन मॅरोचा, म्हणजे हाडांतल्या मज्जेचा, रिपोर्ट काही येईना. काउंटरवरचं ठरलेलं उत्तर: "उद्या फोन करा." उद्या केला की सोमवार. सोमवारी नेमकी सायबाच्या, म्हणजे सेंट झेवियरच्या, फेस्ताची सुट्टी!

तोवर फोंड्यापासून पेडण्यापर्यंतचे सगळे नातेवाईक डॉक्टर. "पपईच्या पानांचा रस दे गे, प्लेटलेट्स झरझर चढतात." अहो काकी, हा डेंग्यू नव्हे! केमोनं मज्जाच थंडावलीय, प्लेटलेट्स बनणार कुठे? दीड लाख हव्यात तिथे अठरा हजार. काल एकजण पाल्याची पिशवीच दाराला अडकवून गेला, मुंग्यांसकट. इथे पांढऱ्या पेशी तळाला, जंतूंची भीती, म्हणून मी देवाला फुलंसुद्धा आणत नाही!

आणि हे पलंगावरून दर तासाला, "फोन आला गे?"

मोबाईल माझ्या मुठीतच असतो. चार्जरसकट.