स्वस्त जमीन, पण कोणाच्या नावावर?

‘महाकामच्या काठी जमीन अजून कवडीमोलाने मिळते, नुसांतारा राजधानी होतेय, आताच घेऊन ठेवा’ हे इंडोनेशियातल्या जमिनीवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. महाकाम ही बोर्निओ बेटावरची नदी आणि नुसांतारा ही त्याच बेटावर उभी राहणारी इंडोनेशियाची नवी राजधानी. मी तिथल्याच पूर्व कालिमांतान प्रांतात कोळशाच्या कामावर चार वर्षं होतो. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला पूर्ण मालकी, म्हणजे ‘हक मिलिक’, मिळतच नाही. मिळतो तो मुदतीचा वापरहक्क. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन पैसे आपण भरायचे, हा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो. माझ्या एका सहकाऱ्याने हेच केलं. हातात आला गावप्रमुखाच्या सहीशिक्क्याचा एक कागद, त्यावर शेजाऱ्यांचे अंगठे. सातबारा समजून तो जपत राहिला, पैसे मात्र गेले. शिवाय नदीच्या वरच्या भागातली बरीच जमीन दायाक या तिथल्या आदिवासी लोकांची वडिलोपार्जित, सामाईक. २०१३ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानेच सांगितलं की अशी परंपरागत जंगलं सरकारी नव्हेत. मग ती एकटादुकटा विकणार कशी?

आणि राजधानी आहे खाली, किनाऱ्याजवळ. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या लाँग बागुन गावाला सामारिंदा शहरातून बोटीने दीड-दोन दिवस लागतात. कोरड्या दिवसांत पाणी उतरलं की मोठी बोट तिथवर जातच नाही. तांदूळ, डिझेल, गॅसची टाकी, सगळं लहान होड्यांतून वर चढवतात आणि भाव भडकतात. आमच्या धक्क्यावरची बाई तेव्हा साखर वाटीने मोजून विकायची. तिच्या गावाला दवाखाना हवाय, वर्षभर चालणारी बोट हवीय. त्याबद्दल लेखात एक ओळ तरी यायला हवी होती.