ॲन्टेना सिंहगडाकडे, छत्री आग्नेयेला : ‘सह्याद्री संपली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी तोच मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तो नात्यातल्या ग्रुपवर आला, रात्री शाळेच्या बॅचवर. मजकूर थोडक्यात असा : “राज्य सरकारची सह्याद्री वाहिनी संपल्यात जमा. सिंहगडावरचा टॉवर बंद, म्हणजे दूरदर्शनचा गाशा गुंडाळला. बघतं कोण? पुण्यातलं केंद्र म्हणजे नुसती पाटी. आपल्या करातून पोसलेला हा पांढरा हत्ती कायमचा बंद करा. सहमत असाल तर पुढे पाठवा.” खाली तिरंगा, जोडलेले हात आणि, का कोण जाणे, एक गुलाबाचं फूल.

माझ्या वडिलांचं नारायण पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे टॉवरचं नाव निघालं की मला गप्प बसवत नाही.

सुरुवात पहिल्याच दोन शब्दांपासून करू. ‘राज्य सरकारची’. सह्याद्री राज्य सरकारची नाही, कधीच नव्हती. १९९४ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेली ही वाहिनी दूरदर्शनची आहे आणि दूरदर्शन आहे प्रसार भारती या केंद्राच्या स्वायत्त संस्थेकडे. तिचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ साली. पैसा येतो तो केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यातून आणि जाहिरातींमधून. पडद्यावर मुख्यमंत्री दिसतात, मराठीत बातम्या लागतात, म्हणून आपण ती मंत्रालयाच्या नावावर चढवून मोकळे होतो. मंत्रालयाने उद्या ठरवलं तरी त्यांना ती बंद करता येणार नाही. पालकमंत्र्यांना निवेदन द्यायला निघालेल्यांनी पत्ता आधी तपासावा.

राज्याच्या हातातलं टीव्हीचं काम पुण्यात होतं, ते वेगळंच. बालचित्रवाणी. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. १९८४ साली सुरू झालेली ही संस्था शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम तयार करायची आणि ते दूरदर्शनवर लागायचे. केंद्राचं अनुदान आटलं, राज्याने भार उचलला नाही आणि २०१७ मध्ये तिला कुलूप लागलं. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा ही बातमी अर्धवट राहिली असावी. पुण्यातलं सरकारी टीव्हीचं एक दुकान खरोखर बंद झालंय, पण ते सह्याद्रीचं नव्हे.

आणि त्यानंतर तीनच वर्षांत काय झालं ते आठवा. २०२० च्या जून-जुलैत शाळा बंद, आणि घरात स्मार्टफोन एकच, तोही बापाच्या खिशात. तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली. बनवली पुण्याच्या एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या) मंडळींनी, दाखवली कुठे? सह्याद्रीवर, २० जुलैपासून. डेटा पॅक नको, रेंज नको. बालचित्रवाणीला कुलूप घालताना ‘आता इंटरनेटच्या जमान्यात हे कशाला’ असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्यातल्याच काहींनी तेव्हा ‘टिलीमिली’चं वेळापत्रक याच ग्रुपवर टाकलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

आता टॉवर. इथे जरा थांबतो.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. पण सिंहगडाने काय केलं? मुंबईहून आलेलं पुढे फेकलं. गडावर ना स्टुडिओ होता ना निवेदिका. टॉवर म्हणजे पोस्टमन. पोस्टमनचा रूट बदलला म्हणजे पत्र लिहिणारा मेला असं कुणी म्हणत नाही.

वडिलांबरोबर मी गच्च्यांवर चढायचो. ते आधी नैऋत्येला गड दिसतोय का ते बघायचे आणि मगच पाईपला हात लावायचे. गड नजरेत असला की निम्मं काम झालं. टेकडीआड, पाषाणकडच्या घरांत, पडद्यावर मुंग्या ठरलेल्या. मग बूस्टर, मग वरची जागा, मग गिऱ्हाइकाशी वाद. चपटी वायर गजाला घासून सोलली की चित्राला शेजारी आणखी एक भूत दिसायचं. आई म्हणायची, हा माणूस देवळात गेला तरी आधी कळसावर ॲन्टेना शोधेल.

तो जमाना संपला, आणि एकट्या पुण्यात नव्हे. गच्चीवरच्या ॲन्टेनाने पकडायच्या जुन्या, ॲनालॉग टीव्हीचे ट्रान्समीटर देशभर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सिलचर आणि कलबुर्गी इथली केंद्रं बंद होणार अशी हाकाटी झाली, तेव्हा प्रसार भारतीने खुलासा केला होता : सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील, पण कार्यक्रम बनवणारी केंद्रं चालू राहतील. आपल्या मेसेजमधला घोळ नेमका तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. ट्रान्समीटर म्हणजेच केंद्र ही समजूत आसामात चुकली, कर्नाटकात चुकली, आता पुण्यात चुकतेय.

चित्र आता वरून येतं, उपग्रहावरून, दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ या फुकट सेवेतून. खात्री करायची म्हणून मी तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या मुलाने नजर वर न करता विचारलं, “फ्री डिश? एकट्या टीव्हीला का दोन?” छत्री, तिच्यासमोर बसणारा सिग्नल पकडायचा एलएनबी, बॉक्स, वायर धरून दीड-दोन हजारांचा मामला. महिन्याचं भाडं शून्य. “तोंड आग्नेयेला करायचं, समोर झाड नको,” एवढं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे पुण्यात छत्री आग्नेयेकडेच बघते. म्हणजे वडिलांच्या पिढीने ज्या दिशेला तोंड केलं, तिला जवळजवळ काटकोनात आजची गच्ची बघते आहे. बदललं ते एवढं.

‘बघतं कोण?’ याचं उत्तर कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरून मिळणार नाही. फ्री डिश देशात चार कोटींहून जास्त घरांत आहे. खासगी चॅनलवाले त्या छत्रीवर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात. जिथे बघणारंच नाही तिथे कोण पैसे ओततं? मुळशीकडे माझ्या मावशीच्या घरी छत्री गोठ्याच्या पत्र्यावर आहे आणि आषाढीला पहाटे विठ्ठलाची महापूजा तिथे सह्याद्रीवरच लागते. मावशी उदबत्ती टीव्हीसमोरच लावते. शिवाय १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम ८ मुळे केबलवाल्यांना दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवाव्याच लागतात. ‘आमच्याकडे दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी रिमोटवर जरा खालपर्यंत जावं.

करांचं म्हणाल तर हो, पैसा लागतो. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली, २०२६ पर्यंतची, देशभरासाठी. हा खर्च योग्य की अयोग्य यावर जरूर भांडू. पण ‘नुसता पोसलेला’ हे बरोबर नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आहेत. पोस्टात जाऊन टीव्हीचं लायसन काढायचे ते दिवसही ऐंशीच्या दशकात संपले.

राहिली पुण्याच्या केंद्राची पाटी. मेसेजमधलं हे एकच वाक्य मला टोचलं, कारण ते निम्मं खरं आहे.

पुण्यात दूरदर्शनचं केंद्र आहे, तिथे कार्यक्रम होतात. ज्या शहरात एफटीआयआय या सिनेमा-टीव्ही शिकवणाऱ्या संस्थेचा टीव्ही विभाग १९७४ पासून आहे आणि दूरदर्शनची कितीतरी माणसं जिथे शिकून गेली, तिथे माणसांची वानवा असायचं कारण नाही. पण वाहिनी चालते मुंबईतल्या वरळीहून. पुणे आणि नागपूर यांनी पाठवायचं आणि वरळीने लावायचं, अशी ही व्यवस्था. सात वाजताच्या बातम्यांत पुण्याला किती जागा मिळते ते घड्याळ लावून बघा. पीएमपी, खडकवासल्याचं पाणी, मेट्रोची खोदाई, यांना राज्याच्या बातमीपत्रात मिळून किती मिनिटं मिळणार?

हा प्रश्न मुळात आवाज कुठून निघतो याचा आहे, टॉवरचा नाही. २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीचा पुण्यातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून सकाळचं ७.१० चं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. पुणेकरांनी ओरड केली आणि निर्णय स्थगित झाला. तेव्हा कुणी ‘रेडिओ ऐकतंय कोण, बंद करा’ असं म्हटलं नाही. म्हटलं ते हे, की आमची बातमी आमच्या गावातून द्या. सह्याद्रीकडे पुण्याने मागायचं असेल तर तेच मागावं : रोज अर्धा तास, पुण्यातून, पुण्याच्या माणसांनी केलेला, वेळ ठरलेली. बंद करा म्हणणाऱ्यांनी तर वरळीचं काम आणखी सोपं केलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. मूळ मेसेज टाकणाऱ्या काकांनी तासाभराने लिहिलं, “छत्री टेरेसवर लावायला सोसायटीची परवानगी लागेल का?”