आहेराच्या वहीत नसलेली माणसं

गावाकडचं घर आवरताना अण्णांची आहेराची वही सापडली. माझ्या लग्नातली, 1991 ची. कुणाचे 21 रुपये, कुणाचे 51, मामाकडची पाच भांडी, कुणाचा नुसताच टॉवेल-टोपी. ज्यांचा आहेर फिटला त्यांच्या नावापुढे बारीक फुली. मी बसून मोजलं, 71 नावं. एका नावामागे नुसते नवरा-बायको धरले तरी 142 माणसं. (मोजायची खोड अण्णांचीच.)

मोजून झाल्यावर जरा चपापलेच. रॉबिन डनबर नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1992 मध्ये माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचं गणित मांडलं. तेच गणित माणसाला लावलं तर उत्तर येतं साधारण दीडशे. एवढ्याच माणसांशी आपलं खरंखुरं नातं राहू शकतं, असं त्याचं म्हणणं. पुढे 2003 मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने इंग्लंडमधली माणसं नाताळला कुणाकुणाला कार्डं पाठवतात ते मोजलं. सरासरी आली 153.5. नाताळची कार्डं म्हणजे त्यांची आहेराची वहीच की!

या दीडशेच्या आत आणखी रिंगणं आहेत: अगदी जिवाची पाच, मग पंधरा, मग पन्नास. (खांद्याला चार लागतात, डनबर एक जास्तीचा देतो.) हा आकडा सगळ्यांना मान्य आहे असं नाही. 2021 मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेच गणित नव्याने केलं, तर उत्तर 2 ते 520 यांत कुठेही असू शकतं असं निघालं. आकडा राहू दे बाजूला. दिवसाचे तास तेवढेच आणि जीव लावायची ताकदही तेवढीच, हे कळायला मला मेंदू मोजावा लागत नाही. फेसबुक पाच हजार मित्र करू देतं, पण मी आजारी पडले की डबा तिघींकडूनच येतो.

इथवर ठीक आहे. पण यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. म्हणे माणूस मुळातच टोळीतला प्राणी, दीडशेच्या पलीकडे त्याची माया पोचतच नाही, मग बाहेरच्याबद्दल संशय आणि राग येणारच, त्याला इलाज नाही.

आमच्याकडे सुगी झाली की एक डवरी गोसावी यायचा. भगवी कफनी, हातात डवर म्हणजे छोटा डमरू. अंगणात उभा राहून गायचा, आई सुपातून ज्वारी घालायची. मग तो पायरीवर टेकायचा आणि चौकशी करायचा. थोरली कुठं दिली? म्हातारीचा दमा कसा आहे? भाऊ दहावीत नापास झाला त्या वर्षी त्याने भावाला जवळ बोलावून काहीतरी समजावलेलंही आठवतं. हा माणूस त्या दीडशेत नव्हता, वहीतही नाही. पण तो परकाही नव्हता. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: तोंडओळख. डनबरच्या रिंगणांत दीडशेच्या बाहेरही दोन आहेत, पाचशे ओळखीच्यांचं आणि दीड हजार चेहऱ्यांचं. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरल्या होत्या. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. शतकानुशतकं दारोदार फिरणारी ही माणसं, आणि त्या दिवशी त्या बाजारात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. कंपनीने कंपनीला जमलं ते केलं. पण पायरीवर टेकून चौकशी करणारा गोसावी तिला कुठून आणता येणार?

आमच्या सोसायटीत आता येणाऱ्याचा फोटो ॲपवर येतो. मी 'परवानगी' दाबते. चेहरा चार सेकंद दिसतो, नाव कळत नाही. भांडी घासणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो आणि त्यांची लिफ्ट वेगळी ठेवतो.

म्हणजे मी गावाचे गोडवे गाते आहे का? थांबा. त्याच अंगणात गावकुसाबाहेरची एक बाई रोज यायची. झाडलोट करायची, जळण फोडून द्यायची. तिची सासू, तिची लेकरं, कुणाला ताप आला, सगळं आईला ठाऊक असायचं. पाणी मात्र तिच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. तोंडओळख रोजची, पण घडाभर पाण्याचं अंतर कधी मिटलं नाही. म्हणजे नुसती ओळखही पुरत नाही. बाबासाहेबांनी 1936 मध्ये लाहोरला द्यायच्या, पण रद्द झालेल्या भाषणात लिहिलं होतं, की आदर्श समाजात माणसांच्या एकमेकांत मिसळण्याच्या वाटा मोकळ्या आणि अनेक हव्यात. आमच्या अंगणात वाट होती, पण ती पायरीपाशी संपायची.

आणि 'बाहेरचा' कोण हे मेंदू ठरवतो म्हणावं, तर हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. त्यांना सांगितलं, तुम्हाला क्लीची चित्रं आवडली आणि तुम्हाला कँडिन्स्कीची. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले. तरी पैसे वाटताना मुलं आपल्या गटाला झुकतं माप द्यायची. कधीकधी तर आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, असा हिशोब. ताजफेल पोलिश ज्यू, घरची बहुतेक माणसं नाझींनी मारलेली. कुंपण किती फुटकळ कारणावर उभं राहतं हे त्याला प्रयोगाआधीच माहीत असणार.

मेंदूची मर्यादा खरी असेल. पण वहीबाहेरच्या माणसाशी कसं वागायचं याच्या रीती आपणच पाडलेल्या आहेत. सुपातली ज्वारीही आपलीच आणि वरून ओतलेलं पाणीही आपलंच. माझी तक्रार एवढीच, की पहिली रीत आपण सोडली आणि दुसरी लिफ्टसकट शहरात आणली.

वही परत एकदा पहिल्यापासून चाळली. त्या बाईच्या घरचं नाव कुठेच नाही. नाव काय होतं तिचं, म्हणून रात्री भावाला फोन केला. त्यालाही आठवेना.