जाळीच्या कपाटाला पॉलिश न करता रंग का दिला?

नमस्कार. जाळीचे कपाट दुरुस्त करून रंगवल्याच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि कळकळीने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी हे उत्तर जरा लांबवतो आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा : जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी कपाटाला पुन्हा हिरवा ऑइल पेंट देणे म्हणजे चांगल्या लाकडाची माती करणे होय, त्याऐवजी घासाईचे मशीन लावून सगळे थर उतरवायला हवे होते आणि फ्रेंच पॉलिश (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पॉलिश) करून कपाटाचे मूळ रूप परत आणायला हवे होते.

या कपाटाचे मूळ रूप पॉलिशचे नव्हतेच, हे माझे पहिले उत्तर. दाराची बिजागरी काढली तेव्हा तिच्या पातीखालच्या खाचेत करडा रंग होता, आणि तो थेट लाकडाच्या रंध्रांत उतरलेला होता. म्हणजे बिजागरी बसण्यापूर्वी, सुताराकडे असतानाच, कपाट रंगवले गेले होते. त्या करड्या रंगावर हिरवा आणि त्यावर साय-रंगाचा असे थर नंतर चढत गेले. तरीही खात्री करावी म्हणून खाचेच्या कडेला, जिथे रंग उडालेला होता, तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला. चपड्याचे जुने पॉलिश असते तर ते स्पिरिटने मऊ पडून बोटाला चिकटले असते. तसे काही झाले नाही.

असे का, हे त्या वस्तूच्या कामावरून कळते. घरोघरी फ्रिज येण्यापूर्वी दूध, दही, विरजण आणि उरलेली भाजी ज्या कपाटात राहत असे ते हे जाळीचे कपाट. ते चुलीच्या किंवा स्टोव्हच्या धुरात उभे असे, त्यावर दूध सांडे आणि ते ओल्या फडक्याने पुसले जाई. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. आमच्या कपाटाचे चारही पाय खालून कुजून भुसभुशीत झाले होते ते त्यामुळेच; तेवढा भाग कापून तिथे सागाचे तुकडे जोडावे लागले. फ्रेंच पॉलिशला पाणी सोसत नाही आणि गरम पातेल्याने त्यावर पांढरा डाग उठतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूला रंग देणारा सुतार आपले काम चांगले जाणत होता.

शिवाय, कपाट पूर्ण सागवानी आहे हा आपला समज फोटोंमुळे झाला असावा. चौकट आणि दारे सागाची आहेत. बाजू आणि पाठ मात्र खोक्याच्या देवदारी फळ्यांची आहे, आणि एका फळीवर जुन्या खिळ्यांची भोके लांबीने (पुटीने) बुजवलेली आहेत. अशा कपाटाला पॉलिश केले तर चौकट सोनेरी आणि बाजू फिकट, गाठाळ दिसते. ती एकसारखी दिसावी म्हणून मग स्टेन (लाकडाला गडद छटा देणारे द्रावण) फासायचा, म्हणजे पुन्हा रंगच द्यायचा, फक्त त्याला रंग म्हणायचे नाही.

सागावर रंग चढवणे परंपरेला धरून नाही, असेही आपण लिहिले आहे. गुजरातेत संखेड्याला सागाचे झोपाळे, पाळणे आणि खुर्च्या कातून त्यांवर लाखेचा लालभडक रंग आणि सोनेरी नक्षी चढवतात. ते काम बघून सागाचा अपमान झाला असे कुणी म्हणत नाही.

मशीनच्या सूचनेबाबत मात्र मला स्पष्टपणे लिहावे लागेल, कारण ती वाचून कुणी तसे करून बसेल. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे नियम आपल्याकडे 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि हिरव्या छटांत, शिसे असण्याची शक्यता बरीच असते. असे थर कोरड्या मशीनने घासले की त्याची बारीक पूड घरभर बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते. म्हणून मी सुटलेला रंगच तेवढा पत्र्याने खरवडला आणि घट्ट बसलेला थर वॉटर पेपरने, पाणी मारत, फक्त खरखरीत करून घेतला. तोंडाला मास्क होता. खालचा कागद गुंडाळून बंद पिशवीत टाकला. पायांना जोडलेल्या नव्या सागावर प्रायमरपूर्वी थिनरचे फडके फिरवले, कारण सागातल्या तेलकटपणामुळे ऑइल पेंट वाळायला फार वेळ घेतो.

कपाटाच्या आतल्या फळ्यांना मात्र मी रंग दिलेला नाही. तिथे आपल्या आवडीचा चपडाच आहे, पातळ हाताने दोनदा फिरवलेला. बंद कपाटात ऑइल पेंटचा वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो, आणि स्पिरिट उडून गेल्यावर चपड्याला वास जवळपास राहत नाही. लेखात हे एका वाक्यात उरकले होते, त्यामुळे ते नजरेतून सुटले असेल.

कपाट शिसवी असते, किंवा बिजागरीखाली स्वच्छ लाकूड निघाले असते, तर मीही पॉलिशच केले असते. आपल्याकडच्या लिहिण्याच्या मेजाचे आपण जे वर्णन केले आहे, त्यावरून त्याला पॉलिशच शोभेल असे मलाही वाटते. मात्र गणपतीपूर्वी काम उरकण्याचा बेत रद्द करावा, अशी विनंती आहे. पावसाळी दमट हवेत चपड्याच्या थराखाली ओल अडकते आणि पृष्ठभाग दुधाळ पडतो. मग तो थर स्पिरिटने उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑक्टोबरचे ऊन पडू द्यावे. तोवर मेजावर मारला जाणारा चकाकीचा स्प्रे बंद ठेवावा, कारण त्यात सिलिकोन असेल तर नवे पॉलिश जागोजागी फाटते. आणि पॉलिशवाल्याला तो स्प्रे वापरल्याचे आधीच सांगून ठेवावे.